ईएसएक्सआय होस्टचं बूट कार्ड किंवा पेनड्राइव्ह गेलं तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनतीन सर्व्हरचा (म्हणजे होस्टचा) छोटा क्लस्टर, एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय टाकलेलं आतल्या एसडी कार्डावर नाहीतर पेनड्राइव्हवर, आणि सगळं सांभाळायला एकच माणूस. असा सेटअप आपल्याकडे कारखान्यात, कॉलेजात, पतसंस्थेत, हॉस्पिटलात सगळीकडे आहे आणि त्या एकट्या माणसाचा फोन मला बहुतेक रात्री येतो. प्रश्न तेच ते असतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. आत्ता होस्ट अडकलेला असेल तर पहिले तीन प्रश्न वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

व्हीसेंटरमध्ये, म्हणजे सगळे होस्ट एका जागी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वॉर्निंग आलीय की बूट डिव्हाइसशी संपर्क तुटला, पण व्हीएम सगळे व्यवस्थित चालू आहेत. मग काळजी करायची का?

हो, करायची. ईएसएक्सआय बूट होताना स्वतःला जवळजवळ अख्खं रॅममध्ये उतरवून घेतं, त्यानंतर कार्डाकडे त्याला फार कमी वेळा जावं लागतं, त्यामुळे कार्ड मेलं तरी होस्ट चालत राहतो, व्हीएम चालत राहतात, युजरला तर पत्ताही लागत नाही. पण त्याच वॉर्निंगमध्ये पुढे लिहिलेलं असतं की यापुढे होस्टच्या सेटिंगमधले बदल सेव्ह होणार नाहीत, आणि ते वाक्य कोणी वाचत नाही. आज तुम्ही नेटवर्कचा नवीन पोर्टग्रुप बनवला, व्हीलॅन टाकलं, ते आत्ता चालेल आणि होस्ट रीबूट झाला की गेलं.

म्हणजे होस्ट आत्ता फक्त रॅमच्या जिवावर उभा आहे, लाइट गेली आणि यूपीएसने दगा दिला तर तो परत उठेलच असं नाही. तुमच्याकडे वेळ आहे, पण किती आहे ते कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ती वॉर्निंग दिसली त्याच दिवशी कामाला लागा.

एकदा रीबूट करून बघू का?

नका करू. निदान आत्ता तरी नका करू. कॉम्प्युटर अडला की रीबूट मारायची सवय आपल्या हाताला लागलेली असते आणि इथे नेमकी तीच नडते. २०२१ च्या पावसाळ्यात एका क्लस्टरवर मी स्वतः हे केलंय, वॉर्निंग दिसली, वाटलं यूएसबी कंट्रोलर अडकला असेल, एक रीस्टार्ट मारू, आणि त्यानंतर सर्व्हरला बूट करायला डिव्हाइसच सापडेना. व्हीएम दुसऱ्या होस्टवर होते म्हणून निभावलं, तरी नेटवर्कची सगळी सेटिंग आठवून आठवून परत टाकण्यात अख्खी रात्र गेली.

क्रम असा ठेवा. आधी त्या होस्टवरचे व्हीएम दुसरीकडे हलवा. मग होस्टच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, तो निघत नसेल तर स्क्रीनशॉट काढा. नवीन डिव्हाइस आणि ईएसएक्सआयच्या त्याच बिल्डचा आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) हाताशी आणून ठेवा. एवढं झालं की मग खुशाल बंद करा.

व्हीएम हलतच नाहीत, मेंटेनन्स मोड (होस्ट रिकामा करायचा मोड) एका आकड्यावर अडकलाय, व्हीसेंटरमध्ये होस्ट कधी दिसतो कधी "नॉट रिस्पाँडिंग" होतो. आता?

सगळ्यात जास्त घाम फोडणारी अवस्था हीच. होस्टवरची मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे होस्टडी, कार्डावरची एखादी फाइल वाचायला जाते, कार्ड उत्तर देत नाही, ती वाट बघत बसते, मग तिच्या मागे बाकीची कामं रांगेत तुंबतात.

एसएसएच चालू असेल तर आत जा आणि यूएसबीच्या अडॅप्टरला रीस्कॅन मारून बघा, तो बहुतेक व्हीएमएचबीए ३२ अशा नावाने दिसतो. बऱ्याचदा कार्ड पाच-दहा मिनिटांसाठी परत दिसायला लागतं आणि तेवढ्यात व्हीमोशन, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं, उरकून घेता येतं. नाहीच झालं तर मॅनेजमेंट एजंट रीस्टार्ट करा, त्याने चालू व्हीएमना धक्का लागत नाही, फक्त होस्ट थोडा वेळ व्हीसेंटरमधून गायब होतो. एक सावधगिरी मात्र घ्या, नेटवर्कवर एलएसीपी (अनेक केबल जोडून एक लिंक करणं) वापरत असाल तर सगळ्या सर्व्हिसेस एका दमात रीस्टार्ट करू नका, होस्टडी आणि व्हीपीएक्सए (व्हीसेंटरशी बोलणारा एजंट) एवढ्या दोनच करा.

तेही जमेना तर सरळ मार्ग, प्रत्येक व्हीएममध्ये रिमोट डेस्कटॉपने नाहीतर एसएसएचने आत शिरून गेस्ट ओएसमधूनच नीट शटडाऊन द्या. व्हीएम बंद झाला की त्याच्या फाइलवरचं लॉक सुटतं, मग शेअर्ड स्टोरेजवरून तोच व्हीएम दुसऱ्या होस्टवर रजिस्टर करून चालू करायचा. तो चालू करताना "मूव्ह केला का कॉपी केला" असं विचारलं तर मूव्ह म्हणा, कॉपी म्हणालात तर मॅक अॅड्रेस बदलतो आणि मग लायसन्सवाली सॉफ्टवेअरं रुसतात. एचए (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप चालू करणारी सोय) चालू आहे म्हणून सरळ पॉवर केबल खेचायची असाही एक विचार डोक्यात येतो. व्हीएम दुसरीकडे चालू होतील हे खरं, पण डेटाबेससाठी ते अचानक लाइट जाण्यासारखंच आहे, म्हणून तो उपाय अगदी शेवटी ठेवा.

व्हीएम लोकल डिस्कवर असतील तर गेस्टच्या आतून बॅकअप घेऊन ठेवा. डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, कार्डावर नसतं त्यामुळे तुमचा डेटा सहसा शाबूत असतो, एवढा दिलासा आहे.

कार्ड खरंच मेलंय का नुसतं डिस्कनेक्ट झालंय, कसं ओळखायचं?

एसएसएचने आत जाऊन रूट फोल्डरची यादी काढा. बूटबँक आणि अल्टबूटबँक असे दोन शॉर्टकट दिसतील, म्हणजे सिमलिंक, बूट करायच्या फाइली असतात त्या दोन भागांकडे नेणारे. ते एखाद्या व्हॉल्यूमच्या लांबलचक आयडीकडे बोट दाखवत असतील तर ठीक, टेंपकडे (रॅममधल्या तात्पुरत्या फोल्डरकडे) दाखवत असतील तर ईएसएक्सआयला आपलं बूट डिव्हाइस सापडलेलं नाही. मग स्टोरेज डिव्हाइसची यादी काढून कार्ड तिथे आहे का, ऑफलाइन दाखवतंय का बघा, आणि व्हीएमकर्नलचा लॉग वाचा, त्यात त्या डिव्हाइसच्या नावापुढे रीड-राइट फेल झाल्याच्या ओळी ढिगाने असतील.

शिवाय आयड्रॅक किंवा आयलोमध्ये (डेल आणि एचपीईच्या सर्व्हरमधली देखरेखीची सोय) जाऊन हार्डवेअरवाल्या बाजूने काय दिसतं तेही बघा. ईएसएक्सआय म्हणतं कार्ड नाही आणि आयड्रॅक म्हणतं कार्ड एकदम ठणठणीत, असं चित्र नेहमी दिसतं आणि लोक आयड्रॅकवर विश्वास ठेवून गप्प बसतात. त्याला कार्ड खाचेत बसलंय आणि कंट्रोलर उत्तर देतोय एवढंच कळतं, आतल्या चिपची झीज त्याला दिसत नाही.

एक वेगळी केस पण आहे. कार्ड चांगलं असतं, पण बूट होताना ते उशिरा दिसतं तोवर ईएसएक्सआय पुढे निघून गेलेलं असतं आणि बूटबँक टेंपला जोडून मोकळं होतं. लक्षण म्हणजे प्रत्येक रीबूटनंतर होस्ट जुन्याच सेटिंगवर परत येतो. सेटिंगची फाइल, जिला स्टेट डॉट टीजीझेड म्हणतात, ती दर तासाला बूटबँकेत लिहिली जाते, आणि बूटबँकच टेंपमध्ये असेल तर ती रॅमबरोबर जाणार हे उघड आहे. तेव्हा "मी केलेले बदल आपोआप पुसले जातात" अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

आमचे होस्ट सहा-सात वर्षं त्याच कार्डावर निवांत चालले. सातव्या व्हर्जनवर गेलो आणि पटापट कार्डं मरायला लागली. असं का?

या प्रश्नाचं उत्तर जरा सावकाश देतो, कारण हे समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं.

जुन्या ईएसएक्सआयमध्ये, म्हणजे ६.७ पर्यंत, कार्डावर अगदी छोटे पार्टिशन असायचे, दोन्ही बूटबँका २५० एमबीच्या आणि बाकी कोअर डंप (क्रॅशची नोंद), लॉकर (टूल्सच्या फाइली) वगैरे. लॉग वगैरे ठेवायचं स्क्रॅचचं मोठं पार्टिशन यूएसबी आणि एसडीवर बनतच नसे, लॉग रॅममध्ये नाहीतर डेटास्टोअरवर जायचे. त्यामुळे कार्डावर लिहिणं म्हणजे तासातून एकदा ती छोटी सेटिंगची फाइल, बास. एवढ्या कामाला साधं कार्डही वर्षानुवर्षं पुरतं.

एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं आणि पार्टिशनची अख्खी मांडणी बदलली. लॉकर, स्क्रॅच, कोअर डंप, व्हीएमवेअर टूल्सच्या (व्हीएमच्या आत टाकायच्या सोबतच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली असं सगळं एकत्र करून ईएसएक्स-ओएसडेटा नावाचा एक मोठा भाग बनवला, जो सतत लिहिला-वाचला जाईल हे धरूनच केलेला होता. चांगल्या एसएसडीवर ही मांडणी जुनीपेक्षा चांगलीच आहे, पण तीच कार्डावर गेली की कार्डाची दमछाक होते. मार्च २०२१ मध्ये ७.० अपडेट २ आल्यावर तर जगभरातून तक्रारी सुरू झाल्या, कार्ड अचानक गायब, होस्ट अडकलेले, काहींची कार्डं कायमची खराब. ऑगस्ट २०२१ मध्ये अपडेट २सी आलं, त्यात टूल्सच्या फाइली रॅममध्ये ठेवायची सोय परत दिली आणि त्रास बराच कमी झाला. पण तोवर व्हीएमवेअरने ठरवून टाकलं होतं की नुसत्या एसडी आणि यूएसबीवर बूट करणं हळूहळू बंद करायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आठवं व्हर्जन आलं तेव्हा चित्र असं की बूटबँक कार्डावर ठेवायला हरकत नाही, पण ओएसडेटासाठी वेगळी कायमस्वरूपी डिस्क हवी, नाहीतर होस्ट चालेल पण डिग्रेडेड म्हणून तक्रार करत चालेल.

आता कार्ड झिजतं म्हणजे काय ते सांगतो. फ्लॅश चिपमध्ये एखादी फाइल जागच्या जागी बदलता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसून परत लिहावा लागतो, त्यामुळे चार केबी बदलायला कधीकधी चार एमबीची उलथापालथ होते. प्रत्येक सेल ठरावीक वेळाच पुसता येतो, जुन्या एसएलसी चिपला हा आकडा १ लाखाच्या आसपास असायचा, आत्ताच्या टीएलसीला हजार ते तीन हजार. एसएसडीत ही झीज सगळीकडे सारखी वाटून देणारा चांगला कंट्रोलर असतो, शिवाय राखीव जागा असते. एसडी कार्डात कंट्रोलर असतो पण अगदी साधा, कारण ते बनवलंय फोटो काढून ठेवायला, चोवीस तास थोडं थोडं लिहायला नाही. आणि नुसतं वाचूनही त्रास होतो, एकच भाग हजारो वेळा वाचला की शेजारच्या सेलमधला चार्ज ढळतो. पंचवीस-तीस व्हीएम असलेल्या होस्टवर टूल्सच्या फाइली सारख्या वाचल्या जायच्या त्याचा फटका हाच होता.

आमच्याकडे दोन कार्डांचा मिरर आहे, मग आम्ही सेफ ना?

अर्धवट. मिररमुळे एक कार्ड अचानक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं, ते बरोबर आहे. पण दोन्ही कार्डं एकाच दिवशी बसवलेली, एकाच बॅचची, आणि दोघांवर तेच तेच लिहिलं गेलंय, म्हणजे दोघांचं आयुष्य साधारण बरोबरच संपणार. आणि पहिलं कार्ड गेल्याचा अलर्ट ईमेलवर लावलेला नसेल तर ते गेलंय हे दुसरं जाईपर्यंत कळत नाही. मी बघितलेल्या मिररमध्ये असे एका पायावर उभे असलेले बरेच होते. आजच जाऊन तुमचा स्टेटस बघून या.

कार्डाची तब्येत आधी कळायचा काही मार्ग?

एसडी आणि पेनड्राइव्हला तसा भरवशाचा मार्ग नाही. एसएसडीला स्मार्ट डेटा असतो, त्यात झीज किती टक्के झाली ते दिसतं, ईएसएक्सआयमधूनही बघता येतं. कार्डाला ती सोय सहसा नसते, ते चालू असतं आणि मग नसतं. पॅच टाकायला नेहमीपेक्षा फार वेळ लागायला लागला, बूट व्हायला आधी चार मिनिटं लागायची ती आता पंधरा लागतात, किंवा ती संपर्क तुटल्याची वॉर्निंग येऊन आपोआप जाते, असं काही दिसलं तर नवीन डिव्हाइस मागवून टाका. वॉर्निंग आपोआप गेली म्हणून समाधान मानू नका, ती परत येते.

लगेच बदलणं शक्य नाही, बजेट मार्चनंतर आहे. तोवर काय करू?

कार्डावरचं ओझं कमी करा. टूल्स रॅमडिस्क नावाची अॅडव्हान्स सेटिंग १ करा आणि होस्ट रीबूट करा, अर्थात व्हीएम हलवून आणि बॅकअप घेऊनच. स्क्रॅच लोकेशन एखाद्या डेटास्टोअरवर न्या, प्रत्येक होस्टला वेगळा फोल्डर द्या, दोन होस्टना एकच फोल्डर दिलात तर एकमेकांच्या फाइली तुडवतील. लॉग एखाद्या सिसलॉग सर्व्हरला पाठवा, साधा लिनक्सचा व्हीएम पुरतो. लॉगचं तर कार्ड बदलणार नसाल तरी कराच, कारण लॉग रॅममध्ये असेल तर होस्ट पडल्यावर कशामुळे पडला हे सांगणारा लॉगही त्याच्याबरोबर जातो.

७.० अजून चालवत असाल तर निदान त्याच्या शेवटच्या पॅचवर तरी असा. त्याचा जनरल सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हेही लक्षात घ्या, म्हणजे पुढची उडी आठवर आणि तिथे हा कार्डाचा प्रश्न परत समोर येणारच आहे.

सर्व्हर बूटच होत नाही. "नो हायपरव्हायझर फाउंड" किंवा "फेटल एरर ३३" असं काहीतरी येतं.

पहिल्या मेसेजचा अर्थ लोडर सापडला पण दोन्ही बूटबँकांत चालवण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात फाइल सापडली पण ती मोडकी आहे, लिहिलेलं आणि वाचलेलं जुळत नाही. फेटल एरर ३३ हा इन्स्टॉल करतानाही येतो, तेव्हा बहुतेक वेळा इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह नाहीतर अर्धवट डाउनलोड झालेला आयएसओ दोषी असतो.

बूट होताना सुरुवातीचा लोडिंगचा स्क्रीन येतो तेव्हा शिफ्ट धरून आर दाबा. ईएसएक्सआय दोन बूटबँका ठेवतं त्या यासाठीच, एकीत चालू व्हर्जन आणि दुसरीत पॅच टाकण्याआधीचं, तर शिफ्ट-आर ने मागच्यावर जाता येतं. पॅच नुकताच टाकला असेल आणि नवीन बूटबँक खराब निघाली असेल तर हमखास उपयोग होतो. पण मागे गेल्यावर पुढचं पुसलं जातं, परत येता येत नाही, एवढं माहीत असू द्या.

बूट डिव्हाइस बायोसमध्येच दिसत नसेल तर पॉवर पूर्ण काढा, दोन्ही केबल काढून दोनतीन मिनिटं थांबा आणि परत लावा. नुसत्या रीस्टार्टने यूएसबीचा कंट्रोलर कधीकधी पूर्ण रीसेट होत नाही, केबल काढल्यावर होतो. अशाने कार्ड परत आलं तर ते बरं झालं असं समजू नका, मिळालेल्या वेळात बॅकअप घ्या.

होस्टच्या सेटिंगचा बॅकअप नक्की कसा घ्यायचा आणि त्यात काय फसगत होते?

होस्टवरच फर्मवेअर बॅकअपची कमांड असते. आधी सिंक करायचं, मग बॅकअप, की ती एक लिंक देते. लिंकमध्ये होस्टच्या नावाच्या जागी चांदणी असते, तिथे होस्टचा आयपी टाकून फाइल लगेच उतरवून घ्या, ती फार वेळ तिथे राहत नाही. पॉवरसीएलआय (पॉवरशेलमधल्या व्हीएमवेअरच्या कमांड) येत असेल तर सगळ्या होस्टचं एका ओळीत होतं, दर आठवड्याला आपोआप चालणारं काम म्हणून लावून टाका आणि फाइली क्लस्टरच्या बाहेर ठेवा.

फसगत तीन ठिकाणी होते. एक, रीस्टोअर करताना ईएसएक्सआयचा बिल्ड नंबर तंतोतंत तोच लागतो, म्हणून बॅकअपच्या फाइलच्या नावातच बिल्ड लिहा आणि तो आयएसओ जपून ठेवा, कारण ऐन वेळी पोर्टलवर लॉगिन करून तो शोधणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. दोन, कार्ड मेल्यावर ही कमांड बऱ्याचदा एरर देते, कारण तिला बूटबँक लागते, म्हणजे बॅकअप आधीच घेतलेला असेल तरच कामाचा.

तिसरी टीपीएमची, म्हणजे सर्व्हरमधल्या चाव्या सांभाळणाऱ्या चिपची, आणि ही खरोखर रडवते. ७.० अपडेट २ पासून टीपीएम असलेल्या सर्व्हरवर होस्टची सेटिंग एन्क्रिप्ट होऊन साठवली जाते आणि चावी टीपीएमला बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला, टीपीएम क्लिअर झाला, किंवा डिस्क दुसऱ्या सर्व्हरात लावली की होस्ट उठत नाही. व्हीसेंटर रिकव्हरी की चा बॅकअप घ्या म्हणून अलार्म देतं, लोक तो हिरवा करून मोकळे होतात. तसं करू नका, ती की होस्टवरून काढा आणि कागदावर छापून तिजोरीत ठेवा. अडचण आली की बूटच्या वेळी शिफ्ट-ओ दाबून तीच की द्यावी लागते.

बॅकअप निघालाच नाही तर निदान हे लिहून घ्या: प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टचा आयपी आणि व्हीलॅन, कोणती नेटवर्क केबल कुठल्या स्विचला, एनटीपी, डीएनएस आणि आयस्कझीचं (नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजचं) इनिशिएटर नाव. शेवटचं सगळे विसरतात. नवीन इन्स्टॉलमध्ये हे नाव बदलतं, स्टोरेजवर परवानगी जुन्या नावाला असते, मग डेटास्टोअर दिसत नाहीत आणि काळजात धस्स होतं की डेटा गेला की काय. डेटा तिथेच असतो, नाव जुनं टाका नाहीतर स्टोरेजवर नवीन नाव जोडा.

जुन्या कार्डाची क्लोन कॉपी नवीन कार्डावर मारली तर?

इमर्जन्सीत चालते, मी पण केलंय, मरणाऱ्या कार्डाची इमेज लिनक्सवर काढून ठेवायला काहीच हरकत नाही. पण एक कॉपी दुसऱ्या होस्टमध्ये लावायची युक्ती करू नका, दोन होस्टची ओळख एकच होते आणि मॅनेजमेंटचा मॅक अॅड्रेससुद्धा एकच, मग नेटवर्कवर असा गोंधळ होतो की दिवसभर सापडत नाही. आणि कार्डावरून परत कार्डावरच जाणार असाल तर काही महिन्यांनी इथेच परत याल.

मग नवीन काय घेऊ?

सर्व्हर नवीन असेल तर कंपनीचंच बूटसाठीचं मॉड्यूल घ्या, डेलचं बॉस कार्ड, एचपीईचं एनएस२०४आय, अशा सगळ्यांत दोन एम.२ एसएसडी हार्डवेअर मिररमध्ये असतात. महाग वाटतं. पण ज्या होस्टवर तीस व्हीएम आहेत त्याच्या पायाखाली हजार रुपयांचं कार्ड ठेवणं मला तरी पटत नाही.

जुन्या सर्व्हरला एम.२ ची सोय नसते, तिथे पुढच्या एका बेमध्ये साधी साटा एसएसडी लावा, शक्यतो दोन लावून रेड १, म्हणजे मिरर. एसडी किंवा यूएसबी सोडून बाकी डिव्हाइसला कमीत कमी ३२ जीबी लागते, पण १२८ जीबी किंवा जास्त घ्या. ईएसएक्सआय स्वतःसाठी १३८ जीबीपर्यंत जागा घेतं, उरलेल्याचं लोकल डेटास्टोअर होतं. जागा कमी द्यायची असेल तर इन्स्टॉलच्या वेळी सिस्टीम मीडिया साइझचा बूट ऑप्शन आहे, ७.० अपडेट १सी पासून चालतो.

घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली एंटरप्राइज एसएसडी मिळाली तर उत्तम, आपल्याकडच्या लाइटचा विचार करता ते पैसे वसूल होतात. उन्हाळ्याचंही बघा, फ्लॅश जितकी तापलेली राहील तितका आतला चार्ज लवकर गळतो आणि नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ च्या वर पारा जातो, तिथे रविवारी एसी बंद ठेवलेल्या सर्व्हर रूममध्ये काय होत असेल विचार करा.

आणि तरीही कार्डच घ्यायचंय तर बाजारातलं स्वस्त कार्ड नको. बनावट कार्डं सर्रास मिळतात, वर ६४ जीबी लिहिलेलं आणि आत ८, ती आधी छान चालतात आणि ८ भरले की जुन्यावरच लिहायला लागतात. निदान पूर्ण जागा एकदा लिहून-वाचून तपासा, त्यासाठी फुकट टूल मिळतात.

नवीन एसएसडीवर इन्स्टॉल करताना डेटास्टोअर उडणार नाही ना?

डिस्क निवडताना चूक केलीत तर उडू शकतं. इन्स्टॉलर सगळ्या डिस्कची यादी दाखवतो, एफसी (फायबर) आणि आयस्कझीवरची ल्यूनसुद्धा, म्हणजे शेअर्ड स्टोरेजवरच्या डिस्क. मी तर इन्स्टॉलच्या आधी फायबरच्या केबल सरळ काढून ठेवतो, दिसलंच नाही तर पुसलं जायचा प्रश्न नाही. लोकल डिस्क दिसतच असेल तर साइझ आणि मॉडेल जुळवून बघा, घाई करू नका. ज्या डिस्कवर आधीपासून व्हीएमएफएस (डेटास्टोअरची फाइलसिस्टीम) आहे तीच निवडली तर ते ठेवायचं का पुसायचं असं विचारलं जातं, तिथे दोनदा वाचून मग एंटर मारा.

व्हीसॅन (होस्टच्या डिस्क एकत्र करून केलेलं शेअर्ड स्टोरेज) असेल तर होस्ट परत क्लस्टरमध्ये आल्यावर त्याचे डिस्क ग्रुप ओळखले जातात, पण क्लस्टरमधला दुसरा एखादा होस्ट आधीच आजारी असेल तर आधी तो बरा करा, मगच याला हात लावा.

इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हच चालत नाही.

आयएसओचा चेकसम जुळवा, दहापैकी निम्म्या वेळा तिथेच सापडतं. दुसरा पेनड्राइव्ह घ्या, शक्य तर मागच्या यूएसबी पोर्टला लावा. यूईएफआय आणि जुना बायोस मोड यात घोळ आहे का बघा. आयड्रॅक-आयलोचं व्हर्च्युअल मीडिया वापरणार असाल तर ते वायफायवरून करू नका, मध्येच तुटलं की अर्धवट इन्स्टॉल राहतं.

आम्ही प्रॉक्समॉक्सवर जातोय, ते तर पेनड्राइव्हवर चालेल ना?

नाही, ते त्याहून जास्त लिहितं. प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे पूर्ण डेबियन लिनक्स आहे, रॅममध्ये उतरत नाही, त्याचे लॉग, ग्राफचा डेटा, क्लस्टरच्या सेटिंगचा छोटा डेटाबेस, सगळं सतत डिस्कवर चालू असतं, आणि झेडएफएस फाइलसिस्टीम निवडलीत तर आणखी वाढतं. ईएसएक्सआय कार्डावर कसं का होईना वर्षभर रेटेल, प्रॉक्समॉक्स तेवढंही नाही. तिथे पहिल्या दिवसापासून दोन चांगल्या एसएसडी मिररमध्ये लावा.

जुनं कार्ड काढलं. त्याचं काय करू?

नवीन डिव्हाइसवर होस्ट दोनदा नीट रीबूट होईपर्यंत नाव लिहून पाकिटात ठेवा. मग कात्रीने चिपवरून कापा. त्यात तुमच्या होस्टची सेटिंग असते, रूट पासवर्डचा हॅश असतो, सर्टिफिकेटच्या चाव्या असतात, आणि मेलेलं कार्ड फॉरमॅट मारलं तरी खरंच पुसलं गेलं का हे तपासता येत नाही. वॉरंटीत परत मागत असतील तर आधी रूटचा पासवर्ड बदला, सर्टिफिकेट नवीन काढा, मगच कार्ड हातात द्या.